पंचविसाव्या अंकाची वाट

आमच्या मामाच्या कपाटात एक जाडजूड बांधीव पुस्तक आहे. काळ्या रेक्झिनचा पुठ्ठा, पाठीवर लाल कापडाची पट्टी, आणि आत रंगीत चित्रकथांचे अंक ओळीने शिवलेले. पुस्तकाची शेवटची बोटभर जाडी मात्र कोऱ्या पानांची आहे. मधेही एके ठिकाणी पंधरा-वीस कोरी पाने लागतात. लहानपणी मला वाटे की ही पाने मुलांनी चित्रे काढावीत म्हणून ठेवली असावीत, आणि त्या समजुतीने मी एकदा पेन्सिल घेऊन बसलेही होते. मामाने पेन्सिल काढून घेतली, पण रागावला नाही. "बाय, त्या पानांची माणसं अजून यायचीत," असे म्हणाला.

ती माणसे म्हणजे 'मिरॅकलमॅन' ह्या चित्रकथेचा पंचविसावा अंक आणि त्यापुढचे सगळे अंक. चोविसावा अंक १९९३ साली निघाला. पंचविसाव्याची पाने चित्रकाराने काढून तयार ठेवली होती. तो छापून वाचकांच्या हाती पडला २०२२ साली. मधली एकोणतीस वर्षे तो का छापला गेला नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. आपल्या वार्षिकात चित्रकथेवर लेख कशाला, असे आमच्या एका प्राध्यापकांनी हसत विचारले. पण हे प्रकरण चित्रकथेपेक्षा मालकीचे अधिक आहे. लेखक लिहितो, चित्रकार रंगवतो, वाचक पैसे घेऊन उभा असतो, आणि तरीही पुस्तक निघू शकत नाही. असे का होते, हा प्रश्न वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांचाही आहे.

मामा रत्नागिरीचा. १९८१ पासून मालवाहू बोटीवर, इंजिनखात्यात. त्याचे आणि आईचे बालपण 'इंद्रजाल'च्या वेताळावर गेले. वेताळाच्या कवटीच्या अंगठीसाठी दोघांची भांडणे झाल्याच्या कथा आजी सांगे. १९८२ साली लिव्हरपूलच्या गोदीबाहेरच्या वर्तमानपत्राच्या दुकानात त्याला 'वॉरियर' नावाचे काळ्या-पांढऱ्या चित्रांचे मासिक दिसले. त्यात 'मार्व्हलमॅन' नावाची क्रमशः कथा होती, आणि तिथून हे खूळ सुरू झाले. पण ह्या मार्व्हलमॅनचा जन्म १९८२ सालचा नव्हे. त्याची वंशावळ आधी सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ त्या वंशावळीतच आहे.

अमेरिकेत १९४० साली फॉसेट ह्या प्रकाशन संस्थेने 'कॅप्टन मार्व्हल' काढला. एक पोरका मुलगा 'शझॅम' हा शब्द उच्चारतो आणि वीज कडाडून महाबली होतो. हा नायक फार खपू लागला. 'सुपरमॅन'च्या मालकांनी, म्हणजे आज आपण ज्यांना डीसी म्हणतो त्यांनी, ही आमच्या नायकाची नक्कल आहे असा दावा लावला. खटला बरीच वर्षे चालला. १९५३ साली फॉसेटने तडजोड केली आणि कॅप्टन मार्व्हल बंद केला.

इकडे लंडनमध्ये एल. मिलर अँड सन ही संस्था ह्याच कॅप्टन मार्व्हलची इंग्लंडमधली आवृत्ती छापून पोट भरत होती. अमेरिकेतून माल येणेच बंद झाले. मग मिलरने मिक अँग्लो नावाच्या चित्रकाराला सांगितले, की तसाच दुसरा करून दे. अँग्लोने केस सोनेरी केले, खांद्यावरचा अंगरखा काढून टाकला, आणि १९५४ च्या फेब्रुवारीत कॅप्टन मार्व्हलच्या जागी मार्व्हलमॅन उभा केला. अंकांचे क्रमांकही तसेच पुढे चालू ठेवले. बिली बॅटसनच्या जागी मिकी मोरन हा वृत्तपत्राच्या कचेरीतला पोऱ्या आला. 'शझॅम'च्या जागी 'किमोटा' आला. 'किमोटा' म्हणजे 'ॲटॉमिक' हा शब्द उलटा केलेला, फक्त 'सी'च्या जागी 'के' घालून. तो काळच अणूचा होता. ही मालिका १९६३ पर्यंत चालली आणि गुपचूप बंद पडली. एका खटल्यामुळे मेलेल्या नायकाची ही नक्कल, तीही मेली.

१९८२ साली संपादक डेझ स्किन ह्यांनी 'वॉरियर' काढले तेव्हा हा विस्मृतीत गेलेला नायक पुन्हा उकरून काढला, आणि तो लिहायला दिला ॲलन मूर ह्या तरुण लेखकाला. चित्रे आधी गॅरी लीच ह्याची, मग ॲलन डेव्हिसची. मूरने काय केले? मिकी मोरनला त्याने मध्यमवयीन केला. हा माइक मोरन किरकोळ पत्रकारिता करणारा, डोकेदुखीने हैराण, लग्न झालेला माणूस आहे. त्याला रात्री उडण्याची स्वप्ने पडतात आणि जाग आली की शब्द आठवत नाही. एका अणुवीज केंद्रात तो ओलीस सापडतो, तिथे काचेच्या दारावरचा शब्द त्याला उलट बाजूने दिसतो, आणि तो उच्चारतो. घरी येऊन बायकोला तो आपले जुने पराक्रम सांगतो, तेव्हा ती खो खो हसते. त्या गोष्टी इतक्या पोरकट आहेत की हसू येणारच. ह्या हसण्याने त्याला जो घाव बसतो, तो शत्रूच्या कुठल्याही ठोशाने बसत नाही. पुढे कळते की ते सारे पराक्रम म्हणजे सरकारी प्रयोगशाळेत झोपवून ठेवलेल्या माणसाला दाखवलेली स्वप्ने होती. महाबलीला खऱ्या जगात आणून सोडले तर काय होईल, ह्याचा असा निर्दय विचार चित्रकथेत त्यापूर्वी फारसा झाला नव्हता. मामाला हे सगळे नीट सांगता येत नसे. तो एवढेच म्हणे, "ती हसते ना, ते पान बघ."

१९८४ च्या ऑगस्टात 'वॉरियर'मधली मार्व्हलमॅनची कथा अर्ध्यावर थांबली, आणि १९८५ च्या सुरुवातीला मासिकच बंद पडले. अमेरिकेतल्या बलाढ्य मार्व्हल कॉमिक्सने 'मार्व्हल' ह्या शब्दावर हरकत घेतली होती. म्हणून त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या एक्लिप्स ह्या छोट्या संस्थेने ही कथा रंगवून, पुढे चालू ठेवून, 'मिरॅकलमॅन' ह्या नावाने काढायला घेतली. मामाची बोट आता अमेरिकेच्या बंदरांना लागू लागली होती. कधी ह्यूस्टन, कधी बाल्टिमोर. जिथे मिळेल तिथे तो अंक गोळा करी. आठवा अंक घेतला तर आत मिक अँग्लोच्या काळातल्या जुन्या गोष्टीच पुन्हा छापलेल्या. दुकानदाराने फसवले असे समजून त्याने तो अंक पुन्हा नेऊन दाखवला म्हणे. कारण फार पुढे कळले. १९८६ च्या फेब्रुवारीत रशियन नदीला पूर आला होता आणि गर्नव्हिल गावातली एक्लिप्सची कचेरी पाण्यात गेली होती. नव्या गोष्टीऐवजी त्यांनी हाती लागेल ते छापले. कोकणातल्या माणसाला पुराचे कारण पटते. आठव्या अंकावरचा त्याचा राग तिथे संपला.

मूरने १९८९ साली सोळाव्या अंकाला आपला भाग पुरा केला आणि मालिका, आपल्या हक्काच्या वाट्यासह, नील गेमन ह्या लेखकाच्या स्वाधीन केली. चित्रकार मार्क बकिंगहॅम. ह्या दोघांनी तीन भागांची आखणी केली: सुवर्णयुग, रौप्ययुग, आणि शेवटी अंधारयुग, प्रत्येकी सहा अंक. सुवर्णयुग पुरे झाले. रौप्ययुगाचे दोन अंक निघाले, आणि एक्लिप्सचे दिवाळे वाजले.

मामाच्या पुस्तकात मधली जी कोरी पाने आहेत, ती पंधराव्या अंकाची. हा अंक म्हणजे जॉन टॉटलबेनने काढलेला लंडनचा विध्वंस. तो कमी मिळतो, म्हणून संग्राहकांनी त्याचा भाव चढवून ठेवला. मामाने एकदा एका दुकानात काचेमागे पाहिला, किंमत विचारली आणि बाहेर आला. त्या महिन्यात घरी पैसे पाठवायचे होते. माझ्या आईचे लग्न ठरले होते. हे त्याने मला सांगितले नाही, आईने सांगितले.

आता संग्रहाविषयी. चित्रकथा पातळ अंकांनी निघते. अंक महिना-दोन महिने दुकानात दिसतो आणि मग रद्दीत किंवा संग्राहकाच्या प्लास्टिकच्या पिशवीत जातो. सहा-सात अंक एकत्र बांधून पुस्तक निघाले तरच ती कथा ग्रंथालयात जाते आणि पुढच्या पिढीला मिळते. दिवाळी अंकात आलेली लघुकादंबरी पुस्तकरूपाने निघाली नाही तर तिचे काय होते, हे आपल्याकडच्या कुणाही ग्रंथपालाला विचारावे. एक्लिप्सने मिरॅकलमॅनचे चार संग्रह काढले होते, पण संस्थेबरोबर तेही बाजारातून नाहीसे झाले. ज्या कथेने महाबलींच्या साऱ्या चित्रकथेचे वळण बदलले असे जाणकार म्हणत, ती कथा वीस वर्षे कुणाला सरळ दुकानात जाऊन विकत घेता येत नव्हती.

पुढची कडी अशी की एक्लिप्सची मालमत्ता १९९६ साली टॉड मॅकफार्लेन ह्या चित्रकार-प्रकाशकाने विकत घेतली. त्याला वाटले, मिरॅकलमॅनही त्यात आला. गेमनचे म्हणणे, माझा वाटा माझ्याकडेच आहे. त्यातून ह्या दोघांचा दुसराही हिशोब बाकी होता: गेमनने मॅकफार्लेनच्या 'स्पॉन' मालिकेसाठी काही पात्रे निर्माण केली होती आणि त्यांच्या मालकीवरून वाद होता. १९९७ साली अदलाबदलीचे बोलणे झाले, ते फिसकटले. २००२ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन इथे खटला उभा राहिला आणि ज्यूरीने गेमनच्या बाजूने कौल दिला. २००४ साली अपिलात न्यायमूर्ती पोझनर ह्यांनी तो कायम केला. तो निकाल वाचण्याजोगा आहे. लेखकाने नुसती कल्पना दिली आणि चित्रकाराने तिला रूप दिले, तर पात्र कुणाचे, ह्याचा तिथे फार रोखठोक विचार आहे. दोघांचे, असे उत्तर दिले आहे. पण त्या निकालाने प्रश्न सुटला तो 'स्पॉन'मधल्या पात्रांचा. मिरॅकलमॅन होता तिथेच राहिला. खटल्याच्या खर्चासाठी गेमनने मार्व्हल कॉमिक्ससाठी '१६०२' नावाची मालिका लिहिली, ती २००३ साली निघाली. म्हणजे ज्या कंपनीच्या हरकतीमुळे नायकाला नाव बदलावे लागले, त्याच कंपनीच्या पैशावर नायक सोडवण्याची लढाई चालली होती. प्रेत खांद्यावर घेऊन विक्रम निघाला, की वेताळ पुन्हा झाडावर. इथला प्रकार असाच होता.

मग २००९ च्या जुलैत सॅन डिएगोच्या मेळाव्यात मार्व्हलने जाहीर केले, की मार्व्हलमॅनचे हक्क आम्ही मिक अँग्लोकडून विकत घेतले आहेत. मिक अँग्लो! १९५४ सालचा तो चित्रकार तेव्हा नव्वदी ओलांडून हयात होता. सगळ्यांचे भांडण चालले होते ते त्याच्यानंतरच्या वाटण्यांवरून, आणि मुळाकडे जाऊन त्याला कुणी नीट विचारले होते का, हाच खरा प्रश्न ठरला. जर १९८२ सालीच हक्क अँग्लोचे होते, तर मधल्या मंडळींनी एकमेकांना विकलेले, दिलेले आणि कोर्टात मांडलेले वाटे म्हणजे नेमके काय होते? माझ्या अल्पमतीप्रमाणे ह्याचे उत्तर कुणालाही सोयीचे नाही, म्हणून त्यावर फारसे बोलले जात नाही. गावाकडे सातबाराच्या उताऱ्यावर एका मयताचे नाव राहून जाते आणि तीन पिढ्या आंब्याची बाग वाटून खातात. पुढे एखाद्या सुनेला कर्ज काढायचे असते तेव्हा ते नाव सापडते. इथे तर ते नाव मयताचेही नव्हते. अँग्लो २०११ साली पंचाण्णव वर्षांचा होऊन वारला.

इथे दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. 'वॉरियर'मध्येच मूरची 'व्ही फॉर व्हेंडेटा' चालू होती, तीही मासिकाबरोबर अर्धवट राहिली. पण ती नव्याने निर्माण केलेली, तिला जुना वारसा नव्हता. मालकीचा गुंता नव्हता, म्हणून १९८८-८९ मध्ये डीसीने ती पुरी करून छापली. दुसरी गोष्ट 'वॉचमेन'ची. १९८६-८७ साली निघालेल्या ह्या मालिकेच्या करारात असे होते, की पुस्तक छपाईतून बाहेर गेले की हक्क मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स ह्यांच्याकडे परत येतील. त्या काळी चित्रकथांचे संग्रह फार दिवस बाजारात राहत नसत. तेव्हा अट औदार्याची वाटली. पण पुस्तक इतके खपले की ते छपाईतून बाहेर गेलेच नाही, आणि हक्क परत आलेच नाहीत. एकाच लेखकाच्या नशिबी पाहा काय आले: एक पुस्तक कुणालाच छापता येईना म्हणून तुटले, आणि दुसरे छापणे थांबेना म्हणून गेले. मूरने पुढे ह्या साऱ्या धंद्याशी संबंध तोडला. मार्व्हलने २०१४ साली मिरॅकलमॅन पुन्हा छापला तेव्हा त्याने आपले नावच घालू दिले नाही. पानावर छापले आहे 'मूळ लेखक', एवढेच. जणू जुन्या लावण्यांच्या चोपडीतला अनाम शाहीर.

आपल्या देशात हे प्रकरण घडले असते तर? मी कायद्याची विद्यार्थिनी नाही, पण १९५७ चा आपला स्वामित्वहक्काचा कायदा ग्रंथालयात बसून वाचला. त्याच्या सतराव्या कलमात एक सुंदर भेद केला आहे. लेखक नियतकालिकाच्या मालकाच्या नोकरीत असेल आणि त्या नियतकालिकासाठी लिहीत असेल, तर वेगळा करार नसल्यास मालकाचा हक्क नियतकालिकात छापण्यापुरताच. बाकी सर्व बाबतींत, म्हणजे पुस्तकरूपातही, पहिला मालक लेखकच. अमेरिकेत मात्र नोकरीत केलेल्या कामाचा कर्ता कायद्याच्या दृष्टीने नोकरी देणाराच ठरतो. एकोणिसाव्या कलमात आणखी एक तरतूद आहे. हक्क लिहून घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत, तर ते आपोआप परत जातात. मात्र करारात वेगळे लिहिलेले नसावे. आणि एकतिसावे कलम सांगते, की एकदा प्रसिद्ध झालेली कृती पुन्हा छापायला मालकाने नकार दिला आणि त्यामुळे ती लोकांपासून रोखली गेली, तर छापण्याच्या सक्तीच्या परवान्यासाठी दाद मागता येते. वाचकाचा विचार कायद्याने कुठेतरी केला आहे, हे पाहून मला बरे वाटले. अर्थात 'करारात वेगळे लिहिलेले नसावे' ह्या चार शब्दांतून किती बैलगाड्या जात असतील, ते वेगळे सांगायला नको. आपल्यापैकी जे कुणी पुढे लिहिणार आहेत, त्यांनी सही करण्यापूर्वी निदान ही तीन कलमे वाचावीत.

अडलेला हा एकच संग्रह नव्हे. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली ह्यांची 'फ्लेक्स मेंटॅलो' १९९६ साली चार अंकांत निघाली. व्यायामाच्या जाहिरातींसाठी प्रसिद्ध असलेल्या चार्ल्स ॲटलस कंपनीने दावा लावला. तो २००० साली फेटाळला गेला, तरी पुस्तक निघायला २०१२ उजाडले. 'रॉम' हा खेळण्यावर आधारलेला नायक. खेळणे एकाचे, कथा दुसऱ्याची, म्हणून १९८६ साली संपलेल्या मालिकेचा संग्रह २०२४ साली निघाला. आणि मूर, स्टीव्ह बिसेट व रिक व्हिच ह्यांची '१९६३' नावाची गंमतीदार मालिका: १९९३ साली सहा अंक निघाले, शेवट ज्या विशेषांकात व्हायचा तो निघालाच नाही, आणि संग्रहही नाही. तिथे कोर्टकज्जा नाही, परका मालक नाही. तीन मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले की काय होते, त्याचे ते उदाहरण. मला ते सर्वांत वाईट वाटते.

शिवाय कागद जुळले तरी पाने सापडावी लागतात. मूळ चित्रे चित्रकाराची. तो ती विकतो, ती जगभर भिंतींवर जातात. छपाईची फिल्म प्रकाशकाकडे असते आणि तो बुडाला की ती कुठे जाते हे विचारू नये. मिरॅकलमॅनची जुनी पाने मार्व्हलला नव्याने रंगवून घ्यावी लागली.

२०१५ साली मामाला तिसऱ्या भागाचा संग्रह मिळाला, ज्यात तो पंधरावा अंक होता. मी तेव्हा दहा वर्षांची. पार्सल आले तेव्हा तो निवृत्त होऊन ओटीवर बसलेला असे. त्याने ते लगेच उघडले नाही. हात धुऊन आला, चष्मा पुसला, मग पुठ्ठा फाडला. मला वाटले होते तो आनंदाने ओरडेल. त्याने पाने उलटली, बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, "मी ह्याच्यापेक्षा भयंकर कल्पना केली होती." पंचवीस वर्षे एका अंकाची जागा कोरी ठेवली की मन ती आपल्या परीने भरून टाकते, चित्रकार कितीही थोर असला तरी त्याची त्या कोऱ्या पानांशी बरोबरी होत नाही. तरी ते पुस्तक त्याने जपून ठेवले. बांधीव पुस्तकातली कोरी पाने मात्र तशीच राहिली; संग्रह फाडून अंक काढणे त्याला जमले नाही.

सुवर्णयुगाचे पुनर्मुद्रण झाले. मग रौप्ययुग येणार, पंचविसावा अंक येणार, असे जाहीर झाले. २०१६ गेले, २०१७ गेले. मामाकडे एक पॉकेट डायरी होती, तीत तो ह्या घोषणा लिहून ठेवी: तारीख, काय म्हणाले, कुठे वाचले. एखाद्याने पावसाची नोंद ठेवावी तशी. शेजारी शेरा एकच, 'नाही'. मी अकरावीत गेल्यावर ह्या डायरीची थट्टा केली. हे म्हणजे देवाच्या अवताराची वाट पाहण्यासारखे झाले, असे काहीतरी शहाणपण बोलले. तो म्हणाला, "बोटीवर असताना घरचं पत्र चुकायचं. बोट पुढे जायची, पत्र मागच्या बंदरात. पण लिहिलंय हे ठाऊक असायचं. त्या बकिंगहॅमने पानं काढलीत. आहेत ती कुठेतरी."

मामा २०२१ च्या मे महिन्यात गेला. त्या महिन्याविषयी अधिक लिहायला नको. आपल्यापैकी बऱ्याच घरांत तो महिना तसाच गेला.

२०२२ च्या ऑक्टोबरात 'रौप्ययुगा'चा पहिला अंक निघाला. जुने दोन अंक बकिंगहॅमने नव्याने काढले होते, आणि मग ती पाने आली, जी १९९३ साली कुणी वाचली नव्हती. २०२४ च्या सुरुवातीला सातव्या अंकाने हा भाग पुरा झाला आणि त्याचा संग्रहही निघाला. मी अंक मागवले. आधी डायरी काढली, शेवटच्या 'नाही'खाली तारीख घातली आणि 'आला' असे लिहिले. माझे अक्षर त्याच्यासारखे नाही, ते डोळ्यांना खटकते.

कथेविषयी थोडे सांगते. ज्याला साऱ्या सुखांच्या जगात पुन्हा जिवंत केले आहे, असा तरुण मिरॅकलमॅन त्या जगात रमत नाही. त्याचा काळ संपलेला आहे आणि सगळे त्याला सांगतात की आता सर्व छान आहे. चित्रकाराचा हात तीस वर्षांत बदललेला आहे, पण बिचकलेला तो मुलगा त्याला नीट सापडला आहे. मला हा भाग आवडला. मामाला आवडला असता की नाही, सांगता येत नाही; बहुधा म्हणाला असता, लढाई कमी आहे.

राहिले अंधारयुग. ते निघेलसे वाटत नाही. गेमनवर अनेक स्त्रियांनी लैंगिक अत्याचाराचे गंभीर आरोप २०२४-२५ मध्ये जाहीरपणे केले. त्याने ते नाकारले आहेत. पण त्याची काही कामे प्रकाशकांनी थांबवली. ह्याविषयी मला मोठेपणाने काही बोलायचे नाही. इतकेच, की इतकी वर्षे वाट पाहताना अडसर नेहमी कागदाचा होता आणि वाचक निर्धास्तपणे लेखकाच्या बाजूला असे. आता तसे राहिले नाही. शेवटचा भाग उद्या आला तर मी तो मागवीन का, हे माझे मलाच ठरवता येत नाही, आणि मामाला विचारायची सोय नाही.

गेल्या महिन्यात बांधीव पुस्तक आणि नवे सात अंक घेऊन मी बाइंडिंगवाल्या काकांकडे गेले. त्यांनी पाठ उघडून पाहिली, जुनी जुजबंदी अजून घट्ट आहे म्हणाले. कोरी पाने सोडवून त्या जागी नवे अंक शिवता येतील; फक्त नवा कागद गुळगुळीत आणि आकाराने जरा लहान, तेव्हा कापणी करायची नाही, कड पुढे-मागे राहील. मी चालेल म्हटले. मग त्यांनी सुटी केलेली कोरी पाने मोजली आणि विचारले, "ह्यातली शेवटी किती ठेवायची? का सगळी काढू?"

मी हिशोब केला. सहा अंक, प्रत्येकी साधारण बत्तीस पाने.

"शहाण्णव ताव," मी म्हटले. "दोन्ही बाजूंनी कोरे."

काकांनी पेन्सिलीने पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला आकडा लिहून ठेवला आणि पुढच्या गुरुवारी यायला सांगितले.